ओठांवरचे शब्द

मार्गशीर्ष लागला की म्हैसूरच्या रस्त्यांना एक हिरवा, तेलकट वास येतो. कुवेंपुनगरच्या कोपऱ्यांवर, विजयनगरच्या बसथांब्यांमागे पोती उघडी पडतात आणि त्यांतून अवरेकाईच्या शेंगांचे ढीग ओघळतात. आपल्याकडचा पावटाच तो. पण इथे त्याला जो मान आहे, तो आपल्याकडे त्याच्या वाट्याला कधी आला नाही. शेंगेवर दव पडलेले हवे, साल बोटांना किंचित चिकटायला हवी, आणि हाताला लागलेला वास साबणानेही जाता कामा नये. त्या वासाला कन्नडात स्वतंत्र शब्द आहे: सोगडु. मराठीत त्याला काय म्हणावे हे मला अजून उमगलेले नाही. दरवळ म्हणावे तर तो फार नाजूक होतो, उग्र म्हणावे तर फार कठोर.

यंदाही शेंगा आल्या. काल पिशवीभर घेऊन आले, वर्तमानपत्र पसरून सोलायला बसले, आणि चार वर्षांपूर्वीचा असाच एक हंगाम बोटांतून वर आला. स्मरणाची वाट कधी कधी नाकातून जाते, कधी अंगठ्याच्या नखातून. तो हंगाम मला आठवतो तो मात्र कानांमुळे. आणि तेही माझ्या नव्हे.

तेव्हा मी एका पाहणीत काम करत होते. दोन वर्षांच्या मुलांची पाहणी. मुलाला लाकडी फळीवर निजवून त्याची लांबी मोजायची, तीन रंगांच्या पट्टीने दंडाचा घेर मोजायचा, वजन घ्यायचे, आणि सगळ्यात शेवटी शब्द. आईला शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि प्रत्येकाला विचारायचे, हा शब्द मूल आपणहून म्हणते का? ठरलेल्या रेघेपेक्षा कमी शब्द भरले तर मुलाला पुढच्या तपासणीला पाठवायचे. जास्त भरले तर कागद फाइलीत जाई आणि मूल आपल्या घरी. गरीब देशांतल्या कोट्यवधी मुलांचे बालपण अशा रेघांच्या वर-खाली वाटलेले असते. रेघ आखणारे दूर असतात, ओढणारे जवळ.

यादी कन्नडात तयार होती. पण म्हैसुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत, त्यांच्यासाठी मराठी यादी हवी होती. नवऱ्याच्या नोकरीमागे साताऱ्याहून इथे आलेली, कवितेवर एम.ए. केलेली बाई त्या कामाला पुरेशी आहे असे कुणाला तरी वाटले, आणि मलाही वाटले.

मी केलेली पहिली यादी शुद्ध होती आणि निरुपयोगी होती. पहिल्याच घरात मी आईला विचारले, "बाळ उशी म्हणतं का?"

ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. "उशी म्हणजे?"

मी हाताने डोके टेकवून दाखवले.

"अय्यो, दिंबु! दिंबु म्हणायचं की हो सरळ. मराठीतच विचारा ना!"

दिंबु हा शब्द कन्नड आहे हे त्या माउलीला ठाऊक नव्हते. तिच्या आजीची उशीसुद्धा दिंबुच होती. त्या घरांतली मराठी अशीच आहे: क्रियापदे सातारा-तंजावरच्या वाटेवर कुठेतरी घडलेली, नामे शेजारच्या घरून आणलेली आणि परत करायची राहून गेलेली. माझ्या यादीने मोजले तर तिथली सगळीच मुले रेघेच्या खाली जात होती. मग नियम बदलला. दोन्ही भाषांतला शब्द धरायचा. उच्चार तुटका असला तरी अर्थ पक्का असेल तर धरायचा. नियम योग्यच होता. अनेक धडधाकट मुले त्याने विनाकारण रुग्णालयाच्या रांगेत जाण्यापासून वाचली. मी मुलांच्या बडबडीत शब्द शोधायला शिकले, आणि शोधायला शिकलेल्या माणसाला ते सापडतातच.

माझ्याबरोबर मंजुळा असे. ती मूळची हुणसूरची, या कामात मुरलेली, फार न बोलणारी. आठवड्यातून दोन दिवस आम्ही सरकारी बसने हुणसूरकडच्या गावांत जात असू. तिथे तंबाखूची पाने भट्टीत वाळवून झालेली असत आणि बायका ओसरीवर बसून रंगाप्रमाणे ती वेगळी करत. चिकटलेले काळे हात लुगड्याला पुसून त्या मुलाला फळीवर निजवत. पट्टीचा लाल रंग दिसला की बाईचा चेहरा आधीच पडे. सांगावे लागत नसे. परतीच्या बसमध्ये मंजुळा एकदा म्हणाली, "दंड बरा, मेडम. तो सगळ्यांना दिसतो. न दिसणारं मोजताना मला भीती वाटते." ती कन्नडात बोलत असे; मी तिचे वाक्य मनात मराठीत करून घेई आणि त्यात बहुधा थोडे सुशोभित करी. ते वाक्य मात्र जसेच्या तसे ठेवले आहे.

मार्गशीर्षाच्या मध्यावर आम्ही विजयनगरच्या एका घरी गेलो. मूल म्हणजे नंदिता, दोन वर्षे पुरी. आई रूपा, घरीच शिकवण्या घेणारी. वडील एका खासगी शाळेत शिक्षक, ते कामावर होते. आणि वडिलांची आई, जिला गल्लीतली सारीच अज्जी म्हणत. हॉलच्या मध्यभागी शेंगांचा डोंगर होता. भिजवलेले दाणे अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचे, की साल हातात राहते आणि आतला सोललेला दाणा उडी मारून बाहेर येतो. त्या दाण्याला इथे हितकबेळे म्हणतात. अज्जींची बोटे त्या कामात यंत्रासारखी चालत होती.

"या मेडम, बसा. जपून हं, सिप्पे पडलेत सगळीकडे," रूपा सालींवरून वाट काढत म्हणाली.

नंदिता रिकाम्या शेंगा एकमेकींत खोचत बसली होती. उंची छान, दंड हिरव्या रंगात, वजन उत्तम, डोळे पाणीदार आणि सारखे आपल्या तोंडाकडे लागलेले. असे लक्ष देऊन पाहणारे मूल मी तोवर पाहिले नव्हते. मंजुळाने यादी वाचली. शब्द रेघेच्या बरेच खाली भरले. तिने 'पुढील तपासणी' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केला आणि शेवटचा प्रश्न विचारला: मुलाबद्दल तुम्हाला काही काळजी वाटते का?

"हो," रूपा म्हणाली. "मागून हाक मारली तर बघतच नाही हो ती. खेळात असते म्हणून, का अजून काय... गोत्तिल्ला, कळतच नाही मला."

"हिला कशाची काळजी नाही ते विचारा!" अज्जी दाणा उडवत म्हणाल्या. "हिचा नवरा तीन वर्षांचा होईस्तोवर तोंड उघडत नव्हता. आता वर्गातली पोरं त्याचं ऐकून ऐकून झोपतात."

रूपा हसली. मीही हसले. आणि मी त्या मुलीजवळ जाऊन बसले.

ती ताटाकडे बोट करून "ऊ" म्हणाली. कन्नडात जेवण म्हणजे ऊट. तिने देवासमोरच्या फुलाकडे बोट केले आणि पुन्हा "ऊ" म्हटले. कन्नडात फूल म्हणजे हू. मग दोन्ही हात वर करून "ऊ" म्हणाली, आणि मला माझ्या मराठीतले 'ऊठ' ऐकू आले. मंजुळाने एक शब्द धरला होता. मी तीन धरले.

"मेडम, आवाज एकच आहे की," मंजुळा हळूच म्हणाली.

"आवाज एक, अर्थ तीन," मी म्हणाले. "भाषेची सुरुवात अशीच होते."

मग दाराकडे धावताना भूर सापडले. बा सापडले, म्हणजे कन्नडात ये. मम्मू, म्हणजे भात. पापु, म्हणजे बाळ. माझी पेन्सिल चालत राहिली, आणि बेरीज रेघेच्या वर गेली. मी रूपाला समजावले की दोन भाषा एकदम कानावर पडणारी मुले थोडी उशिरा बोलतात. तिच्या डोक्यात दोन्हींची जुळवाजुळव चालली आहे. हे खरे असते. पुष्कळ मुलांच्या बाबतीत खरे असते.

"ऐकलंस?" अज्जी सुनेला म्हणाल्या. "डबल आहे आपलं पोर. डबल! उगीच सगळ्यांना सांगत सुटली होतीस."

मी शेवटचा प्रश्न पुन्हा विचारला, कारण कागद नीट असायला हवा होता. रूपाने सासूकडे पाहिले, मग माझ्याकडे. "नाही," ती म्हणाली. "आता नाही." मी 'हो' वर काट मारून 'नाही' लिहिले आणि मंजुळाचा गोल खोडरबराने पुसला. निघताना अज्जींनी हितकबेळेचा डबा हातात दिला. त्याचे सारू आमच्या घरी दोन दिवस पुरले.

हंगाम चालू राहिला. पौषात शेंगा जून होतात, दाणे भरतात, वास जडावतो. शहरातल्या प्रत्येक घरात उपम्यात, भातात, आमटीत तोच दाणा. त्या दिवसांत आम्ही आणखी किती घरे केली, कितीदा फळी उचलून रिक्षात चढवली, हे सारे आता एकमेकांत मिसळून गेले आहे. स्पष्ट आठवते ती पौष सरतानाची एक दुपार. मी गच्चीत उन्हाला बसून कागदांच्या स्वच्छ प्रती करत होते. जे उतरवायचे ते ओठांत म्हणत उतरवायचे, ही कवितेच्या वर्गातली जुनी सवय.

नंदिताचा कागद आला. अम्मा. अप्पा. बा. मम्मू. पापु. भूर. हू. ऊ. ऊ.

ते म्हणताना पहिल्यांदा मला फक्त सुख झाले. एकच वर्ग पुन्हा पुन्हा येत होता: प, ब, भ, म, आणि ओठांचा चंबू करणारा तो ऊकार. कवितेत असा अनुप्रास कुणी साधला असता तर मी समासात खूण केली असती. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा लक्षात आले की एवढ्या शब्दांत माझी जीभ जागची फारशी हललेलीच नव्हती. 'भूर'मधला र तर मीच लिहिला होता; मुलगी नुसते 'बू' म्हणत होती. मी दुसऱ्या मुलांचे कागद काढले. त्यांत काका होते, ताता होते, कागे म्हणजे कावळा होता, नीरु म्हणजे पाणी होते, जीजी, टाटा, गागा. जीभ दातांना लागत होती, टाळूला लागत होती, घसा उघडमीट करत होता. नंदिताच्या शब्दांना दात, टाळू, घसा काहीच नव्हते. तिचे सगळे शब्द ओठांवर होते.

मी खाली जाऊन आरशासमोर आवाज न करता 'अम्मा' म्हणाले. दिसला. 'काका' म्हणाले. तोंड नुसते उघडले आणि मिटले.

जी मुलगी आपल्या तोंडाकडे एवढे निरखून पाहत होती, तिने जे शब्द डोळ्यांनी शिकता येतात तेवढे शिकून घेतले होते. उरलेले तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. आणि त्या कागदाच्या तळाशी माझ्या अक्षरात एक 'हो' खोडलेला होता.

मी मंजुळाला फोन केला. सगळे ऐकून ती म्हणाली, "मी गोल केला होता, मेडम."

"हो."

"मग आता?"

"मी जाऊन सांगते. तू येतेस?"

"एकट्या जा. चूक सांगायला दोघी गेलो तर धाड पडल्यासारखं वाटेल."

दुसऱ्या दिवशी मी गेले. हॉलमध्ये पुन्हा शेंगा होत्या, हंगामातल्या शेवटच्या. मी उभ्या उभ्याच सांगितले की माझी चूक झाली, नंदिताचे कान तपासायला हवेत आणि उशीर करून चालणार नाही. बोलणे शिकण्याची वर्षे फार थोडी असतात.

अज्जींची बोटे थांबली. "त्या दिवशी दोन भाषा म्हणालात, आज एकही नाही म्हणता. उद्या काय म्हणाल?"

मी नंदिताकडे पाहिले.

"ऐकू येतं तिला. सगळं येतं!" अज्जींनी शेजारचा खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि फरशीवर आपटला. फरशीवर बसलेली नंदिता दचकून वळली. "बघा! आता बोला!"

"अज्जी, ते फरशीतून पायाला समजतं," रूपा म्हणाली. एवढेच म्हणाली. तिने मुलीला उचलले, भिंतीशी घडी करून ठेवलेल्या गाद्यांवर आमच्याकडे पाठ करून बसवले, हातात चार शेंगा दिल्या आणि बाजूला झाली. तिचे हात इतक्या सराईतपणे चालले, की हा प्रयोग तिने याआधी केला असावा हे मला कळले. किती वेळा, हे विचारण्याचा मला अधिकार नव्हता.

अज्जी उठल्या. मुलीच्या मागे चार पावलांवर उभ्या राहिल्या. "नंदिता," त्या म्हणाल्या. मग, "नंदू." मग मोठ्याने, "ए चिन्ना, इकडे बघ, लाडू देते." नंदिता एका शेंगेत दुसरी शेंग खोचत राहिली. तिची मान सुंदर होती, वळणाऱ्या केसांची एक बट तिच्यावर रुळत होती, आणि ती मान वळली नाही. रूपाने ताटलीवर चमचा मारला. मला दातांत कळ आल्यासारखे झाले. नंदिताला काही झाले नाही.

चौथी हाक अज्जींनी मारली नाही. त्या पुढे गेल्या आणि गादीशी बसल्या. चेहरा दिसताच नंदिता हसली. "बा," ती म्हणाली. ये.

"मला माहीत होतं," रूपा माझ्याकडे न पाहता बोलली. "तुम्ही शिकलेल्या. दीड महिना मी स्वतःला सांगत राहिले, मेडमना जास्त कळतं."

तपासणीला मीही गेले. नंदिताला दोन्ही कानांनी थोडे ऐकू येत होते: मोठे, जाड आवाज. बारीक आवाज, ज्यांच्यावर अर्धीअधिक भाषा उभी असते, तिला जवळजवळ नव्हतेच. बहुधा जन्मापासून, ती ज्या लहान इस्पितळात जन्मली तिथे बाळांचे कान तपासत नसत. डॉक्टरांनी विचारले, संशय केव्हा आला? रूपाने महिना सांगितला. मग इतके दिवस का थांबलात?

"घरी कामं होती," रूपा म्हणाली.

मी शेजारच्या खुर्चीवर होते. खरे काय ते मी सांगितले, पण तिच्या त्या वाक्यानंतर. आणि डॉक्टरांनी ते लिहून घेतले की नाही, मला दिसले नाही.

पाहणीच्या कामात दोन प्रकारच्या चुका होतात, असे पुढे मला कुणीतरी शास्त्रीय भाषेत समजावले. निरोगी मुलाला आजारी म्हटले तर घर रडते, भांडते, दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. ती चूक आरडाओरडा करून स्वतःच दुरुस्त होते. आजारी मुलाला निरोगी म्हटले तर घर आनंदाने जेवते आणि मोजणाऱ्याला डबा भरून देते. मी बाकीचे सगळे कागद पुन्हा काढले. जिथे जिथे माझ्या पेन्सिलीने बेरीज वाढवली होती, त्या प्रत्येक घरी मंजुळा आणि मी पुन्हा गेलो. दुसरे कुणी तसे निघाले नाही. हे सांगताना मला जे वाटते, त्याला सुटका म्हणता येईल; समाधान म्हणता येणार नाही. शब्दांवर प्रेम करणाऱ्याला शांतता ऐकता येतेच असे नाही. मूल बोलेल अशी आपली इतकी इच्छा असते, की त्याच्या वतीने आपणच बोलून मोकळे होतो.

चैत्रात नंदिताच्या दोन्ही कानांमागे निळी यंत्रे बसली. पहिले काही दिवस ती ती उपटून टाके. कुकरच्या शिटीला रडे, नळाला रडे, स्वतःच्याच खोकल्याला घाबरे. जग एवढे गोंगाटाचे आहे हे तिला कुणी सांगितले नव्हते. हळूहळू यंत्रे कानांवर राहू लागली. तिला ऐकायला-बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी घरचा अभ्यास दिला होता: रोज थोडा वेळ तिच्या कानाशी बसून, तोंड न दाखवता, तेच तेच शब्द म्हणायचे. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी जाऊ लागले. रूपाने कधी या म्हटले नाही, नकोही म्हटले नाही. अज्जी चहा देत आणि माझ्याशी हवापाण्याचे बोलत.

वैशाख उतरत होता तेव्हाची गोष्ट. नंदिता माझ्या मांडीवर पाठमोरी होती आणि मी तिच्या कानाशी माझी यादी चालवली होती. काका. कागे. काकडी. पुन्हा काका. पुन्हा कागे. किती वेळ, कुणास ठाऊक. ती चुळबुळली, मी थांबले नाही. मग ती माझ्याकडे वळली. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले नाही. हात वर करून तिने आपला तळवा माझ्या ओठांवर दाबून धरला, आणि म्हणाली,

"साकु."

त्यातला स नुसती हवा होता. क मात्र पुरा होता. घशातून निघालेला, कुणाच्याही ओठांवर न दिसणारा. हा शब्द मी तिला शिकवलेला नव्हता. कुठल्याही यादीत तो नव्हता. स्वयंपाकघरातून दिवसभर ये-जा करणारा, भात वाढताना, पाणी ओतताना म्हटला जाणारा शब्द तिने आपला आपण ऐकून ठेवला होता.

रूपा दारात येऊन उभी राहिली होती. आतून अज्जी ओरडल्या, "काय म्हणाली गं ती?"

"पुरे म्हणाली," रूपा म्हणाली. "मेडमना."

मी गप्प बसले.